भुकेआधी दोन घास

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या बचत गटाच्या बायकांसाठी रक्ततपासणीचं शिबिर ठेवलं होतं. सकाळी सहापासून माझी धावपळ. खुर्च्या मांडा, नावं लिहून घ्या, लांबून आलेल्या बायकांना चहा द्या. दुपारी दीडच्या सुमारास सगळ्या संपल्या आणि नर्सबाई म्हणाल्या, की आता तुमचंही घेऊन टाकू. मी उठले, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जमिनीवरच बसले. तेव्हा आठवलं, की सकाळचा अर्धा कप चहा सोडला तर पोटात काहीच नव्हतं.

रक्त कमीच निघालं. वेळेवर जेवा, अंगावर काढू नका, म्हणून गावोगावी भाषणं देणारी मी! बायका माझ्याकडे बघून हसत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी पडल्या पडल्या मोबाइल बघत होते, तर भाचीचे फोटो आलेले. ती तेव्हा फ्रान्समध्ये लियाँ शहरात शिकत होती. सुट्टीत मैत्रिणींबरोबर भाड्याची सायकल घेऊन आर्देश नावाच्या डोंगराळ भागात गेली होती. फोटोत एक अरुंद वाट. डांबर नाही, आपल्याकडच्या दाबून बसवलेल्या मुरमासारखी. दोन्ही बाजूंना चेस्टनटची गर्द झाडी, खाली नदी, मध्येच दगडी पूल, मध्येच बोगदा. आणि एकाही फोटोत मोटार नाही, ट्रक नाही. फक्त सायकली आणि चालणारी माणसं.

मैत्रिणींनो, ही माझी भाची म्हणजे आमच्या घराचे दोन जिने चढली तरी धापा टाकणारी. तिने एका दिवसात चाळीस किलोमीटर सायकल चालवली म्हणे! मी फोनवर विचारलंच, की बाई गं, हे जमलं कसं? ती म्हणाली, वाट जुन्या रेल्वेची आहे त्यामुळे चढ अगदी बेताचा, सायकलला गिअर आहेत, आणि भूक लागायच्या आत खायचं असा नियम पाळला. हा नियम कुणाचा, तर त्याच भागातल्या एका जुन्या सायकलवाल्या आजोबांचा. मग मला त्या आजोबांचा नादच लागला. मिळेल ते वाचत गेले. आज त्यांचीच गोष्ट सांगणार आहे.

त्यांचं खरं नाव पॉल द विवी. पण सगळा फ्रान्स त्यांना ओळखतो तो वेलोसिओ या टोपणनावाने. जन्म 1853 चा, दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न या छोट्या गावातला. लहानपणापासून जुन्या ग्रीक-लॅटिन ग्रंथांची गोडी. पण पोटापाण्यासाठी शिरले ते रेशमाच्या धंद्यात. सेंत-एतियेन या शहरात त्यांनी बस्तान बसवलं. हे शहर तेव्हा तीन गोष्टींसाठी प्रसिद्ध होतं. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फिती. म्हणजे एकीकडे बायकांच्या टोप्यांना लावायच्या नाजूक फिती विणायच्या आणि दुसरीकडे अंगावर कोळशाची काजळी! धंदा बरा चालला होता, लग्न झालं होतं, तीन मुलं होती. चारचौघांसारखा संसार.

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, 1881 मध्ये, त्यांनी पहिली सायकल घेतली. आताच्यासारखी नव्हे हं. पुढचं चाक छातीएवढं उंच, मागचं एवढंसं, आणि पायटे थेट पुढच्या चाकालाच. खड्डा आला की माणूस डोक्यावरून पुढे! एका मित्राने पैज लावली आणि हे गृहस्थ त्या अवजड चाकावर बसून डोंगरातल्या शेझ-द्यू या गावाकडे निघाले. पैज राहिली बाजूला, रस्त्यावरची मोकळी हवा, झाडी आणि डोंगर हेच त्यांच्या मनात घर करून बसले.

मग त्यांना चैन पडेना. इंग्लंडमधलं कोव्हेंट्री हे तेव्हा सायकलींचं माहेरघर. धंद्याच्या निमित्ताने तिकडे जायचं आणि नव्या सायकली बघून यायचं, असं सुरू झालं. शेवटी 1887 मध्ये त्यांनी रेशमाचा चालता धंदा विकून टाकला आणि सायकलींचं दुकान काढलं. जोडीला सायकलवाल्यांसाठी एक मासिकही सुरू केलं. पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने ते प्रसिद्ध झालं. सगळ्या प्रवासांची वर्णनं, सगळे प्रयोग ते त्यात लिहीत आणि खाली सही करत वेलोसिओ.

चालता धंदा मोडून सायकलींच्या मागे लागलेला नवरा! शेजारणी काय म्हणाल्या असतील? आणि हे पहाटे उठून डोंगराकडे निघत तेव्हा तीन मुलांचं घर कोण सांभाळत असेल? हा प्रश्न माझ्यासारखीला पडल्याशिवाय राहत नाही. ते असो.

सेंत-एतियेनच्या बाहेर पडलं की लगेच पिला नावाचे डोंगर लागतात. शहरापासून सहाशे मीटरहून जास्त चढून गेलं की 1161 मीटर उंचीवर एक खिंड आहे. तिला रेपुब्लिकचा घाट म्हणतात. दुसरं नाव ग्राँ-ब्वा, म्हणजे मोठं रान. नावाप्रमाणे खरोखरच दाट रान आहे, सरळसोट उंच सूचिपर्णी झाडांचं. खाली काजळीचं शहर आणि वर हे गार रान. घाट ओलांडला की पलीकडे उतार लागतो, बूर-आर्जांताल गाव येतं आणि पुढे ऱ्होन नदीचं खोरं उघडतं. वेलोसिओंचा हा अगदी आवडता रस्ता.

तेव्हा डांबरी रस्ते नव्हते. सगळे रस्ते खडी-मातीचे. मोटारी नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. समोरून आली तर एखादी घोडागाडी किंवा गाईगुरं. आज पैसे खर्च करून, नकाशे काढून लोक ज्या मोटारमुक्त खडीच्या वाटा शोधतात, त्या तेव्हा दाराबाहेरच सुरू होत. अडचण एकच. चढ!

त्या काळच्या सायकलला एकच वेग. सपाटीवर ठीक, पण घाट लागला की जवान गडीसुद्धा उतरून सायकल ढकलायचा. वेलोसिओंच्या डोक्यात इथेच किडा वळवळला. सगळे म्हणत, घाट चढायचा तर मांड्या लोखंडाच्या हव्यात. हे म्हणाले, माणूस बदलता येत नसेल तर सायकल बदलू या.

गिअर म्हणजे काय, हे मलाही आधी नीट माहीत नव्हतं. आपल्या भाषेत सांगते. विहिरीवरून पाणी आणायचं आहे. ताकदीची बाई भरलेला हंडा एका खेपेत नेईल. दुसरी दोन कळश्या दोन खेपांत नेईल. पाणी तेवढंच येतं, खेपा वाढतात, पण कंबर मोडत नाही. सायकलचंही तसंच. चढावर साखळी अशा दातेरी चाकावर घ्यायची, की पायटा जास्त वेळा फिरवावा लागेल पण जोर कमी लागेल. सपाटी आली की पुन्हा मोठ्या चाकावर. वेलोसिओंच्या सुरुवातीच्या सायकलींवर तर खाली उतरून हाताने साखळी हलवावी लागे. हात काळे होत. पण गडी हटला नाही. 1889 मध्ये त्यांनी ‘गोलवाज’ नावाची स्वतःची सायकल काढली आणि पुढे वर्षानुवर्षं गिअरचे प्रयोग चालू ठेवले. फ्रान्समध्ये गिअरच्या सायकलीचा एवढा हिरिरीने पुरस्कार करणारा त्यांच्याइतका दुसरा कुणी नव्हता.

आणि लोक हसले! शर्यतीवाल्यांना वाटायचं, गिअर लावणं म्हणजे फसवणूक. खऱ्या मर्दाला असल्या कुबड्या कशाला? फ्रान्सची ती जगप्रसिद्ध सायकल शर्यत, तूर द फ्रान्स, ज्यांनी 1903 मध्ये सुरू केली ते आंरी देग्रांज तर या विचाराचे पक्के. गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. हे वाचून मला हसू आलं. मी त्या पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावरच उभी आहे की!

पण आपल्या दृष्टीने खरी गंमत पुढेच आहे. 1902 मध्ये फ्रान्सच्या पर्यटन मंडळाने पिरेनीज पर्वतात प्रवासी सायकलींची एक परीक्षा ठेवली. त्या वाटेवर तुरमाले हा 2115 मीटर उंचीचा घाट. नुसतं नाव ऐकूनच भल्याभल्यांची बोबडी वळावी असा. तिथे एदुआर फिशर नावाचा नावाजलेला शर्यतपटू एकाच वेगाची सायकल घेऊन उतरला. आणि एक तरुणी उतरली, मार्थ हेस. तिच्याकडे तीन गिअरची गोलवाज. सांगतात की सबंध वाटेत या मुलीने एकदाही पाय जमिनीला टेकवला नाही. चढावर ती आपल्या बेताने, न थांबता पायटे मारत राहिली.

विचार करा, 1902 साल! त्या काळात बाईने सायकलवर बसावं की नाही, तिने घोळदार झगा घालावा की विजार, यावरच वाद चालू होते. आणि इथे एका मुलीने दाखवून दिलं, की डोंगर चढायला दांडगाई लागत नाही, आपल्या ताकदीला जुळेल असं साधन लागतं. तरीसुद्धा तूर द फ्रान्समध्ये साखळी बदलणाऱ्या गिअरला परवानगी मिळायला 1937 साल उजाडावं लागलं. म्हणजे मार्थनंतर पस्तीस वर्षं! शहाण्यांना उशिरा कळतं ते असं.

वेलोसिओ स्वतः मात्र शर्यतींच्या वाट्याला गेले नाहीत. ते लांब लांब जात. रात्रभर सायकल चालवत, पहाटे कुठल्या तरी खिंडीत सूर्य उगवताना बघत, दक्षिणेला जन्मगावाच्या बाजूला प्रोव्हान्सपर्यंत उतरत. शाकाहारी होते. एस्पेरांतो ही जगाची एक भाषा व्हावी म्हणून धडपडणाऱ्यांपैकी होते. रोज सकाळी जुन्या तत्त्वज्ञांचं काही तरी वाचायचं हा नेम. असा हा साधा, थोडा विक्षिप्त माणूस. त्यांच्याभोवती शिष्यच गोळा झाले. 1922 पासून सेंत-एतियेनमध्ये त्यांच्या सन्मानार्थ दर वर्षी एक दिवस ठरवून लहानथोर माणसं सायकलवर रेपुब्लिकचा घाट चढू लागली. त्यात पहिला कोण आला यापेक्षा सगळे वर पोहोचले याचं कौतुक.

आता त्यांच्या त्या नियमांकडे येते. त्यांनी सायकलवाल्यांसाठी सात नियम घालून दिले. माझ्या शब्दांत सांगायचं तर असे. थांबे कमी आणि छोटे घ्या, नाही तर अंगातली लय जाते. थोडं थोडं पण वारंवार खा, भुकेच्या आधी खा आणि तहानेच्या आधी प्या. इतके दमू नका की जेवण जाणार नाही आणि झोप लागणार नाही. थंडी वाजण्याआधी अंगावर घ्या, उकडण्याआधी काढा. प्रवासात तरी दारू, मांस आणि तंबाखू नको. आपल्या ताकदीच्या आत राहा, विशेषतः सुरुवातीला, जेव्हा जोर फार वाटतो तेव्हा. आणि शेवटचा नियम, मिरवण्यासाठी कधीही पायटा मारू नका.

शिबिरात अंधारी आलेली मी हे वाचत होते. दुसऱ्या नियमापाशी थांबले ती थांबलेच. भुकेच्या आधी खा! आपल्याला तर लहानपणापासून उलटंच शिकवलं. सगळ्यांचं झाल्यावर खा. उरलं तर खा. आज तर उपासच आहे. भूक मारली की बाई गुणाची, आणि भूक लागली म्हणून आधी जेवली तर हावरट. पुरुषांची पंगत, मुलांची पंगत, पाहुण्यांची पंगत, आणि मग गार झालेल्या भाकरीबरोबर आपण. आणि वर मिरवायचं, की दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही, इतकं काम होतं! म्हणजे शेवटचा नियमही मोडलाच की. वेलोसिओंच्या हिशेबात हे शौर्य नव्हतंच. ज्याला लांब जायचं आहे त्याने केलेली ती चूक होती.

तुम्ही म्हणाल, सायकलचे नियम संसाराला कशाला? पण संसार म्हणजे काय शंभर मीटरची शर्यत आहे का? ती लांबचीच वाट. घाटांची, उतारांची. पहिल्या दहा वर्षांत सगळा जोर लावून टाकला, की पुढे गुडघे, कंबर, रक्त, सगळंच कुरकुरतं.

वेलोसिओंचा शेवट मात्र चटका लावणारा झाला. 27 फेब्रुवारी 1930. वय 76. नेहमीप्रमाणे सकाळी त्यांनी वाचन केलं. त्या दिवशी सेनेका या रोमन तत्त्वज्ञाचं पत्र हाती होतं, असं सांगतात. मग बाहेर पडले. सायकलवर बसलेलेही नव्हते, हातात धरून रस्ता ओलांडत होते. समोरून मोटार आली म्हणून मागे सरले आणि मागून येणाऱ्या ट्रामने त्यांना उडवलं. पन्नास वर्षं ज्यांनी डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या, रात्री-अपरात्री रानातून सायकल चालवली, त्यांना रानाने काही केलं नाही. आपल्याच गावच्या रस्त्यावर, वाहनांच्या गर्दीत ते गेले.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. त्यांच्या एका आयुष्यात रस्ते किती बदलले! घोडागाडीचे होते ते मोटारींचे झाले. चालणारे आणि सायकलवाले कडेला ढकलले गेले.

पण गोष्ट इथे संपत नाही. वेलोसिओंच्या हयातीत आर्देशच्या डोंगरांतून एक छोटी, अरुंद रुळांची रेल्वे धावायची. 1968 मध्ये ती बंद पडली. रूळ गेले, पण रुळांची वाट राहिली. त्याच वाटेवर माती-खडी दाबून आता सायकलमार्ग केला आहे. दोल्चे व्हिया त्याचं नाव. ऱ्होनच्या काठावरच्या ला वूल्त गावापासून एरिय नदीच्या खोऱ्यातून तो वर चढत जातो. सगळ्या फाट्यांसह नव्वदेक किलोमीटरचा. पीचच्या बागा, चेस्टनटची रानं, जुने पूल, बोगदे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून चढ सगळे सौम्य. आजीबाईही जातात आणि मागच्या गाडीत बाळ बसवून आयाही जातात. खुद्द ऱ्होनच्या काठाने तर जिनिव्हाच्या सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत आठशे किलोमीटरहून लांब सायकलमार्ग आखला आहे. त्याचा बराच भाग मोटारींपासून वेगळा, बाकीचा कमी रहदारीच्या रस्त्यांनी जातो. रेपुब्लिकच्या घाटात वेलोसिओंचं स्मारकही आहे.

माझी धापा टाकणारी भाची याच दोल्चे व्हियावर चाळीस किलोमीटर गेली. तिची ताकद एका रात्रीत वाढली नव्हती. तिला बेताचा चढ मिळाला, हलका गिअर मिळाला, वेळेवर खाणं मिळालं आणि मागून हॉर्न वाजवणारं कुणी नव्हतं. एवढं मिळालं की साधं माणूसही लांब जातं. ते कुणी तरी आधी करून ठेवावं लागतं, इतकंच.

आपल्याकडे दोल्चे व्हिया नाही हे खरं. आमच्या गावातून हमरस्ता जातो. उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे डंपर. शाळेला सायकलने जाणाऱ्या मुली जीव मुठीत धरून कडेने जातात. नववीतल्या एका मुलीची सायकल घरच्यांनी बंद केली ती याच भीतीने. मग हळूहळू शाळाही सुटायला आली होती. पण आमच्या गावाला एक कालवा आहे, आणि कालव्याच्या कडेने मुरमाची वाट. दोन्ही बाजूंना बाभळी आणि करंज, वर्दळ जवळजवळ नाही. वाट थोडी लांबची पडते. आम्ही गटातल्या बायकांनी ग्रामसभेत विषय काढला, काटेरी झुडपं तोडून घेतली, दोन ठिकाणी खचली होती तिथे मुरूम टाकून घेतला. आता सकाळी आठ-दहा मुली घोळक्याने तिथून जातात. ती नववीतली मुलगीही त्यांच्यात आहे. पावसाळ्यात अजून चिखल होतो, तेवढा प्रश्न राहिलाच आहे. पुढच्या ग्रामसभेत तोही विषय घेणार आहोत.

आणि मी? लेकाची जुनी गिअरची सायकल अंगणात गंजत पडली होती. ती दुरुस्त करून घेतली. पंजाबी ड्रेस घालून पहिल्या दिवशी निघाले तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी निघताना मात्र त्यांनीच ओट्यावर शेंगदाण्याचा लाडू काढून ठेवला होता. आयुष्यभर सगळ्यांच्या मागून जेवलेल्या त्या बाईने!

मी एक लाडू खाल्ला आणि अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांना अजून भूक लागली नव्हती. म्हणूनच दिला.